पंगतीला बसवलेला गणपती: ऑस्ट्रेलियातल्या एका जाहिरातीचं प्रकरण

२०१७ साली गणेश चतुर्थी २५ ऑगस्टला होती आणि अनंत चतुर्दशी ५ सप्टेंबरला. सिडनी-मेलबर्नमधल्या ज्या मराठी घरांत दहा दिवसांचा गणपती असतो, तिथलं विसर्जन होतंय न होतंय तोच ऑस्ट्रेलियाच्या पडद्यांवर एक नवी जाहिरात झळकली. लांबलचक टेबल, वाइनचे पेले, मधोमध भाजलेलं मांस. टेबलाभोवती येशू, बुद्ध, ग्रीकांचा झ्यूस, प्रेमदेवता ॲफ्रोडाइटी, सायंटॉलॉजी नावाच्या पंथाचा संस्थापक रॉन हबर्ड, आणि या सगळ्यांच्यात सोंडेसकट बसलेला गणपती. शेवटी पेले उंचावले जातात ते कोकराच्या मांसाच्या नावाने. का, तर हे एक मांस सगळ्यांना चालतं.

राष्ट्रीय सणाच्या खाण्याने धार्मिक अल्पसंख्याकांच्या भावना दुखावतात का, असा प्रश्न निघाला की आपल्या डोळ्यांसमोर नको तो पदार्थ ताटात पडलेला कुणीतरी बापडा उभा राहतो. या प्रकरणात तसं काही घडलं नाही. कुणाला जबरदस्तीने काही खाऊ घातलं नव्हतं, कुणाच्या डब्यात काही मिसळलं नव्हतं. जाहिरात करणाऱ्यांचं म्हणणं होतं की आम्ही तर सगळ्यांना एका टेबलाशी आणायला निघालो होतो, आणि मला ते खोटं वाटत नाही. हे प्रकरण उलगडून बघावंसं वाटतं ते याचसाठी. हीच मंडळी आधीच्या जाहिरातींतून बारा वर्षं कोकराचं मांस न खाणाऱ्या लोकांना टोचून बोलत होती तेव्हा हिंदूंमधून असा गदारोळ उठला नव्हता. ज्या वर्षी त्यांनी आमंत्रण दिलं, त्या वर्षी बोंब दोन देशांच्या सरकारांपर्यंत गेली.

कोकरू राष्ट्रीय कसं झालं

आपल्याकडे मटण म्हटलं की बोकड. ऑस्ट्रेलियात मटन म्हणजे थोराड मेंढीचं मांस आणि लॅम्ब म्हणजे साधारण वर्षाच्या आतलं कोकरू. दोघांच्या प्रतिष्ठेत जमीन-अस्मानाचं अंतर. एकोणिसाव्या शतकापासून त्या देशाची संपत्ती मोठ्या प्रमाणावर लोकरीवर उभी राहिली. देश मेंढीच्या पाठीवर बसून पुढे गेला, असं तिथे सर्रास म्हणतात. लोकरीच्या मागोमाग मांसही मुबलक झालं आणि रविवारी ओव्हनमध्ये भाजलेली कोकराची तंगडी हा घरोघरचा ठरलेला बेत होऊन बसला. १९९०च्या आसपासच्या एका जाहिरातीत तरुण नाओमी वॉट्स चक्क टॉम क्रूझबरोबर जेवायला जायचं नाकारते, कारण घरी आईने लॅम्ब भाजायला टाकलेलं असतं.

हे झालं रविवारचं जेवण. २६ जानेवारीला, म्हणजे 'ऑस्ट्रेलिया डे'ला, लॅम्बच खायचं हा रिवाज मात्र आजीकडून नातीकडे आलेला नाही. तो मार्केटिंगने रुजवला, आणि कुणी, कधी, कशासाठी, हे सगळं उघड आहे. मीट अँड लाइव्हस्टॉक ऑस्ट्रेलिया, लोक तिला एमएलए म्हणतात, ही त्या धंद्याची संस्था. शेतकऱ्याने जनावर विकलं की ठरावीक रक्कम कापली जाते आणि त्यातून मांसाचा प्रचार चालतो. माणशी लॅम्ब खाण्याचं प्रमाण कित्येक दशकं घसरत होतं, चिकन कधीच पुढे निघून गेलं होतं. २००५ साली एमएलएने सॅम केकोविच नावाचा एक माजी फुटबॉलपटू उभा केला. राष्ट्राला उद्देशून भाषण ठोकल्याच्या थाटात तो चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता देशाला झापायचा. भाषणांचा सारांश एकच: ऑस्ट्रेलिया डेला जो लॅम्ब खात नाही, तो 'अनऑस्ट्रेलियन'. शाकाहारी मंडळी त्याचं हमखास गिऱ्हाईक. आणि हे सांगणारा केकोविच स्वतः युगोस्लाव्हियातून स्थलांतर करून आलेल्या आईवडिलांचा मुलगा. विनोदाचा अर्धा जीव त्यातच होता.

दर जानेवारीला नवी जाहिरात, आणि तिची वाट बघणारे लोक, असं चक्र सुरू झालं. २०१६च्या जाहिरातीत एक कमांडो पथक परदेशात अडकलेल्या ऑस्ट्रेलियन लोकांना लॅम्बसाठी मायदेशी उचलून आणतं. त्यातला एक जण आपण आता व्हीगन झाल्याचं सांगतो, तेव्हा त्याच्या पुढ्यातला केल नावाच्या भाजीचा पाला थेट आगीच्या झोताने जाळून टाकतात. शेकडो तक्रारी गेल्या. जाहिरातींवरच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाने त्या फेटाळल्या.

याच काळात तिथल्या हिंदूंची संख्या भराभर वाढत होती. २००६च्या जनगणनेत सुमारे १ लाख ४८ हजार, २०११मध्ये पावणेतीन लाख, २०१६मध्ये ४ लाख ४० हजार, म्हणजे लोकसंख्येच्या १.९ टक्के. त्यांच्यात शाकाहारी भरपूर. 'लॅम्ब न खाणारा तो परका' हे वाक्य तर सरळ त्यांच्यावर येऊन आदळणारं. तरी धर्माच्या नावाने मोठा वाद झाला नाही. माझ्या मते याचं कारण साधं आहे. थट्टा इतकी फुगवलेली होती की ती थट्टा करणाऱ्यावरच उलटत होती. शिवाय शाकाहारी माणूस त्या टेबलाच्या बाहेर आहे हे दोन्ही बाजूंना मान्य होतं. बाहेर असण्यातही एक निवांतपणा असतो. तुमचं तुम्ही खा, आमचं आम्ही बघतो.

२६ जानेवारीच्या खऱ्या जखमेचा जेवणाशी संबंध नाही. १७८८ साली त्या तारखेला इंग्रजांच्या पहिल्या ताफ्याने सिडनीच्या खाडीत झेंडा रोवला, आणि तिथल्या आदिवासींनी १९३८ सालीच ती तारीख शोकदिन म्हणून पाळली होती. (आपल्या प्रजासत्ताक दिनाचीही तारीख तीच. तिथल्या भारतीयांना सकाळी तिरंगा आणि दुपारी बार्बेक्यू असे दोन देश एका दिवसात बसवावे लागतात.) वाद वाढत गेला तसा एमएलएने सूर बदलला. जानेवारी २०१७च्या जाहिरातीत समुद्रकिनाऱ्यावर आदिवासी यजमान आहेत आणि गलबतांतून एकेक करून जगभरचे लोक उतरून जेवणात सामील होतात. 'ऑस्ट्रेलिया डे' हा शब्द कुणी उच्चारतही नाही. झापणं संपलं, बोलावणं सुरू झालं. त्या वर्षीच्या वसंतातली (ऑस्ट्रेलियात वसंत सप्टेंबर ते नोव्हेंबर) जाहिरात, म्हणजे आपली देवांची पंगत, हे याच बोलावण्याचं पुढचं पाऊल. ती २६ जानेवारीची नव्हती हे खरं, पण मोहीम तीच, घोषवाक्य तेच, आणि बारा वर्षं राष्ट्रीय म्हणून रुजवलेला पदार्थही तोच.

जाहिरात, जवळून

जून २०१७मध्ये जनगणनेचे आकडे आले. 'कोणताही धर्म नाही' असं लिहिणारे सुमारे ३० टक्के निघाले आणि पहिल्यांदाच ते कॅथलिकांना मागे टाकून यादीत सर्वांत वर गेले. जाहिरात लिहिणाऱ्यांना विषय मिळाला. डुकराचं मांस मुसलमानांना आणि ज्यूंना चालत नाही, गाईचं हिंदूंना चालत नाही, कोकराला मात्र कुठल्याच मोठ्या धर्माने थेट बंदी घातलेली नाही. तेव्हा सगळ्या धर्मांचे देव एका टेबलाशी बसवा, वर एक नास्तिक बाई बसवा, आणि सगळ्यांच्या तोंडून लॅम्बचं कौतुक करा. कागदावर हे गणित बिनचूक आहे. एखाद्या हॉटेलवाल्याने मिश्र पाहुण्यांसाठी मेनू ठरवताना हाच हिशेब केला असता आणि शहाणपणाचा ठरला असता.

विनोदही तसे सौम्यच. येशूच्या वाट्याला पाण्याची वाइन करण्याच्या त्याच्या चमत्कारावरची कोटी. पैगंबर मुहम्मद पडद्यावर नाहीत. त्यांचा फोन येतो, आज जमत नाही म्हणून. गणपतीच्या वाट्याला आलेली कोटी समजायला इंग्रजी यावं लागतं. सगळ्यांना दिसतंय पण कुणी विषय काढत नाही, अशा गोष्टीला इंग्रजीत खोलीतला हत्ती म्हणतात. टेबलावर कुणीतरी तो हत्तीचा विषय काढू का म्हणून विचारतं, आणि गणपती वैतागून उत्तर देतो की हा विनोद अडीच हजार वर्षांपूर्वीही विनोदी नव्हता आणि आजही नाही.

हे उत्तर मला आवडलं, हे कबूल करतो. आपल्या लोककथांतला गणपती काही गंभीर चेहऱ्याने बसून राहणारा देव नाही. उंदरावरून पडतो, चंद्र हसला म्हणून चिडून शाप देतो. हजरजबाबी गणपती परंपरेला परका नाही. तेव्हा जाहिरातीचा दोष विनोदात शोधणाऱ्यांशी माझं पटत नाही. दोष दुसरीकडे आहे.

तक्रार नक्की कशाची होती

हिंदू कौन्सिल ऑफ ऑस्ट्रेलियाने जाहिरात मागे घ्या अशी मागणी केली. तक्रार मंडळाकडे दोनशेहून जास्त तक्रारी गेल्या. कॅनबेरातल्या भारतीय उच्चायुक्तालयाने ऑस्ट्रेलियाच्या परराष्ट्र, दळणवळण व कला, आणि कृषी अशा तीन खात्यांकडे औपचारिक निषेध नोंदवला आणि सिडनीतल्या वाणिज्य दूतावासाने एमएलएकडे विषय काढला. एमएलएचा खुलासा असा, की हेतू एकोप्याचा होता, कुणाला दुखवायचा नव्हता.

बातम्यांत सगळ्या तक्रारी 'हिंदूंच्या भावना दुखावल्या' या एका गाठोड्यात बांधल्या गेल्या. हा शब्दप्रयोग आपण इतका वापरलाय की त्याची धार गेली आहे, म्हणून गाठोडं सोडून बघायला हवं. एक तक्रार देवाच्या रूपावर कोटी केल्याची. एक देवाला विक्रीसाठी वापरल्याची. एक अशी, की ज्यांच्या बाबतीत तुम्हाला भीती वाटली त्यांना तुम्ही फोनवर ठेवलंत आणि आम्हाला सोंडेसकट टेबलाशी आणून बसवलंत. ही शेवटची तक्रार तर्काला धरून आहे, पण मला ती ऐकताना अवघडल्यासारखं होतं. तिचा शेवट 'आमचीही भीती वाटली पाहिजे' इथे होऊ शकतो, आणि तो रस्ता बरा नाही. तरी तिच्यात एक निरीक्षण आहे जे नाकारता येत नाही: प्रत्येक धर्मात काय चालत नाही याची चौकशी करणं या लोकांना जमत होतं. एका ठिकाणी ती केली गेली होती.

मग उरते मूळ तक्रार. गणपतीला मांसाच्या ताटाशी बसवलं.

इथे परदेशी वाचकाला सहज वाटेल की हिंदू शाकाहारी असतात म्हणून त्यांना राग आला. हे स्पष्टीकरण सोपं आहे आणि अपुरं आहे. ऑस्ट्रेलियातल्या हिंदूंमध्ये नेपाळी लोकांचा वाटा मोठा आहे, आणि नेपाळ्यांच्या दशैंमध्ये, म्हणजे त्यांच्या दसऱ्यात, बोकड कापला जातो. फिजीहून आलेले भारतीय वंशाचे लोक आहेत, बंगाली आहेत, कोकणी आहेत. ज्यांनी तक्रार केली त्यांच्यातल्या किती जणांच्या फ्रीजमध्ये त्या आठवड्यात हेच लॅम्ब होतं, हे त्यांचं त्यांना ठाऊक. मांस खाणारा आणि या जाहिरातीने दुखावलेला, असा माणूस दुटप्पी ठरतो का? वरवर पाहता ठरतो. पण मराठी घरातली एक रीत आठवली की हा दुटप्पीपणा राहत नाही.

कोकणात आणि रायगड-मुंबईच्या पट्ट्यात बऱ्याच घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. माहेरवाशीण आलेली, तिला तिच्या आवडीचं जेवण घालायचं: मटण, वडे, कुठे चिंबोऱ्या. शेजारीच मखरात गणपती बसलेला. त्याच्यापुढचं ताट वेगळं, तिथे मोदक. मग गौरीचं ताट पुढे आणायच्या वेळी दोघांच्या मध्ये पडदा धरतात. दोघी जणी एखादी साडी किंवा धोतर दोन टोकांना धरून उभ्या राहतात, ताट खाली ठेवलं जातं, भोवती पाणी फिरतं, हात जोडले जातात, ताट उचललं की पडदा निघतो. आतल्या चुलीवर सकाळपासून रस्सा उकळतोय. त्याचा वास घरभर आहे, देवापर्यंत तो गेला नसेल असं कुणी मानत नाही. पडदा धरणाऱ्या हातांनीच मघाशी वाटण वाटलेलं असतं. त्यात कुणाला काही खटकत नाही. पुढ्यात कुणाचं ताट कुणासमोर येतंय, एवढ्याचीच काळजी घ्यायची असते.

या पडद्याला एमएलएच्या हिशेबात जागा नव्हती. त्यांनी विचारलं, 'हिंदूंना लॅम्ब चालतं का?' आणि पुस्तकांत उत्तर मिळालं, 'बंदी नाही.' प्रश्न चुकीचा नव्हता, माणसांसाठी होता. गणपतीसाठी वेगळा प्रश्न विचारावा लागतो: याला काय दाखवतात? काली, खंडोबाच्या परिवारातली दैवतं, गावोगावचे म्हसोबा यांना काय लागतं ते वेगळं, गणपतीला काय लागतं ते वेगळं, आणि एकाच घरातल्या एकाच बाईला हे दोन्ही पाठ असतं. तेहतीस कोटींतून नेमका तो देव निवडला गेला ज्याच्या नैवेद्याची आठवण म्हणजे उकडीचे मोदक. आणि तोही तेव्हा, जेव्हा तो घरोघरी आलेला होता किंवा नुकता गेला होता. गणपतीची निवड ओळखीसाठी झाली असणार यात शंका नाही. सोंड दिसली की जगभर कुणालाही कळतं. पण जो देव सर्वांत ओळखीचा, त्याचे नियमही सर्वांत जास्त लोकांना पाठ असतात.

निकाल, दोनदा

ऑस्ट्रेलियात जाहिरातींवरच्या तक्रारी तेव्हा ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स ब्युरो नावाच्या यंत्रणेकडे जात. (२०१८पासून तिचं नाव ॲड स्टँडर्ड्स.) ही सरकारी कचेरी नव्हे. जाहिरात उद्योगानेच स्वतःवर बसवलेली आणि स्वतःच्या पैशांवर चालणारी व्यवस्था. तिचं मंडळ समाजातल्या वेगवेगळ्या थरांतल्या लोकांचं. आचारसंहितेत 'भावना दुखावणे' असं कलम नाही. धर्म, वंश, लिंग वगैरेंवरून कुणाशी भेदभाव केला आहे का, किंवा कुणाला तुच्छ लेखून हसण्यावारी नेलं आहे का, हे बघितलं जातं. म्हणजे तक्रार करणाऱ्याला आपलं दुःख आधी भेदभावाच्या भाषेत मांडावं लागतं. आपल्याकडचा कायदा दुसऱ्या टोकाने येतो. दंडसंहितेच्या जुन्या २९५अ कलमात आणि आता न्यायसंहितेच्या २९९ मध्ये जाणूनबुजून, दुष्ट हेतूने केलेला अपमान सिद्ध व्हावा लागतो. या जाहिरातीवर ती कसोटी लावली असती तर दुष्ट हेतू शोधता शोधता वकील दमले असते.

सप्टेंबरमध्ये मंडळाने तक्रारी फेटाळल्या. जाहिरात हलकीफुलकी आहे, देवांना वाईट प्रकाशात दाखवलेलं नाही, सूर सगळ्यांना सामावून घेण्याचा आहे, असं त्यांचं मत पडलं. पण तिथे अपिलासारखी एक सोय आहे. निर्णयात मोठी त्रुटी आहे असं वाटलं तर तक्रारदार स्वतंत्र पुनरावलोकन मागू शकतो. ते मागितलं गेलं, प्रकरण पुन्हा मंडळासमोर आलं, आणि नोव्हेंबर २०१७मध्ये त्याच मंडळाने उलट निर्णय दिला. काही लोक आपल्या धार्मिक श्रद्धा किती गांभीर्याने घेतात याचा जाहिरातदाराने पुरेसा विचार केलेला नाही आणि त्यामुळे भेदभावाच्या कलमाचा भंग झाला, असा त्याचा आशय.

दोन निर्णयांच्या मधल्या काळात जाहिरात बदललेली नव्हती. तीच टेबलं, तेच पेले. पहिल्यांदा बघताना मंडळाने विचारलं की दाखवणाऱ्याची नजर कशी आहे. ती प्रेमळ होती, म्हणून प्रकरण मिटलं. दुसऱ्यांदा विचारलं की ज्याचा देव दाखवला त्याच्या लेखी हे काय आहे. बहुसंख्याकांकडून होणाऱ्या अशा चुका बहुतेक वेळा पहिल्या प्रश्नावर थांबल्यामुळेच होतात. आमच्या मनात काही नव्हतं ना, मग झालं तर. हे वाक्य आपण आपल्या गावातही ऐकलेलं आहे, आणि ते म्हणणारे दर वेळी परदेशी नसतात.

शिक्षा काय झाली? काही नाही. या यंत्रणेला दंड करता येत नाही, जाहिरात थांबवा एवढंच सांगता येतं. निकाल आला तोवर वसंतातली जाहिरात आपलं काम करून गेली होती. न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीच्या राज्यात, धर्मावरून होणाऱ्या विटंबनेविरुद्ध तेव्हा कायदाही नव्हता, तो २०२३ साली आला. तक्रारदारांना मिळालं ते एका उद्योगाच्या मंडळाचं एक कागदी वाक्य. पण दोनशे तक्रारदारांपैकी ज्यांनी पहिल्या नकारानंतरही फॉर्म भरला, त्यांच्या चिकाटीमुळे ते वाक्य नोंदीत आलं, आणि पुढच्या जाहिरातवाल्यांच्या वकिलांना ते वाचावं लागतं.

दूतावासाने मध्ये पडायला हवं होतं का

मला वाटतं, नको होतं. भारतात या पावलाचं कौतुक झालं असेल, पण तक्रार करणारे बहुतेक लोक ऑस्ट्रेलियात राहणारे, कर भरणारे, कित्येक तर तिथले नागरिक. त्यांची तक्रार आपल्या देशातल्या एका संस्थेविरुद्ध होती आणि त्यांच्या हातात तिथलीच एक वाट होती, जी शेवटी त्यांनी जिंकूनही दाखवली. त्यांच्या वतीने दुसऱ्या देशाचं सरकार बोललं, की शेजारच्या माणसाला वाटतं, हे लोक इथले नव्हेतच, यांचा मालक तिकडे आहे. केकोविचची थट्टा 'अनऑस्ट्रेलियन' या शब्दावर उभी होती. तो शब्द हिंदूंना खऱ्या अर्थाने चिकटवायचा असता तर असा औपचारिक निषेध हे चांगलं साधन होतं. नेपाळी किंवा फिजीच्या हिंदूंचं तर नवी दिल्लीशी काही देणंघेणंच नाही.

तुलनेसाठी एक युरोपातली घटना आठवते, तिचा निवाडा वेगळा लागतो. नोव्हेंबर २०१८मध्ये बर्लिनला जर्मन सरकारने भरवलेल्या इस्लाम परिषदेत जेवणाच्या मांडणीत डुकराच्या रक्ताचं सॉसेज होतं. पाहुण्यांत मुसलमान बरेच. ओरड झाल्यावर गृहमंत्रालयाने सांगितलं की १३ पदार्थ होते, त्यात हलाल होते, शाकाहारी होते, मासे होते. तिथे यजमानाने ज्या पाहुण्यांसाठी परिषद बोलावली त्यांच्याच पुढ्यात तो पदार्थ मांडला होता, पण तो घ्यायचा की नाही हे पाहुण्याच्या हातात होतं. चिमट्याने दुसरं काही उचललं की झालं. ढिसाळपणा म्हणा, कुणी खोडी म्हणेल. ऑस्ट्रेलियातल्या टेबलावर गणपतीला अशी मुभा नव्हती. त्याला बसवून त्याच्याकडून पेला उंचावून घेतला गेला. प्रत्यक्ष घास घेतला की नाही याला महत्त्व नव्हतं, 'सगळ्यांना चालतं' या दाव्याला साक्षीदार म्हणून त्याला उभं केलं होतं. ज्यांनी कधी लॅम्ब खाल्लं नाही अशा माणसांच्या वतीने त्यांच्या देवाने होकार दिला. २००५चा केकोविच निदान त्यांचा नकार मान्य करून मग त्यांना शिव्या घालत होता.

आणि म्हणून 'गणपतीच्या जागी दुसरा देव घेतला असता तर चाललं असतं का' या प्रश्नात मला फारसा रस नाही. त्याच टेबलावर गणपतीच्या पुढ्यात त्याचं वेगळं ताट असतं आणि बाकीचे लॅम्ब खात असते, तर दोनशे तक्रारी आल्या असत्या का, हे विचारावंसं वाटतं. काही आल्याच असत्या. विक्रीसाठी देव नको म्हणणारे त्यानेही शांत झाले नसते. पण गौरीच्या घरातल्या बाईला ते दृश्य ओळखीचं वाटलं असतं. अडचण अशी की त्या दृश्याने लॅम्ब विकलं गेलं नसतं. 'सगळ्यांना चालतं' या वाक्यावर मोहीम उभी होती, आणि एक वेगळं ताट आलं की ते वाक्य कोसळतं.

जानेवारी २०१८च्या जाहिरातीत एकही देव नव्हता. त्या वर्षी दोन बाजूंना डावे आणि उजवे राजकीय विचारांचे लोक उभे करून त्यांना गाणी गायला लावली होती. २०२३ साली तर 'अनऑस्ट्रेलियन' या शब्दाचीच खिल्ली उडवली: कशावरून ना कशावरून प्रत्येकालाच त्या शब्दाखाली हद्दपार व्हावं लागतं आणि मग बाहेरच सगळे भेटतात. तोवर हिंदूंची संख्या २०२१च्या जनगणनेनुसार ६ लाख ८४ हजारांवर गेली होती, लोकसंख्येच्या २.७ टक्के.

आणि २ एप्रिल २०२२ रोजी भारत आणि ऑस्ट्रेलियाने व्यापार करारावर सह्या केल्या. २९ डिसेंबर २०२२ला तो लागू झाला. ऑस्ट्रेलियातून येणाऱ्या मेंढीच्या मांसावर भारताचं ३० टक्के आयात शुल्क होतं, ते त्या दिवशी शून्यावर आलं.